चार पंख्यांचं विमान

नदीवरचा साकव वाहून गेला त्या दिवशी आमच्या जांभळवाडीत कुणी फार हळहळलं नाही. तो जाणारच होता. त्याच्या फळ्या गेल्या काही उन्हाळ्यांत एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या चुलीत गेल्या होत्या आणि उरलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांवरून आम्ही दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन जीव मुठीत धरून पलीकडं जात होतो. गगनबावड्याच्या अंगाला पाऊस लागला की कुणाचं ऐकत नाही. गौरी-गणपतीच्या आधी नदी अशी चढली, की उतरल्यावर बघतो तर दोन्ही काठांना नुसते दगडी खांब उभे. "हे व्हायचंच हुतं," असं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागली.

हळहळ लागली ती धारा काढून झाल्यावर. किटल्या भरल्या आणि मग ध्यानात आलं, की हे दूध आता न्यायचं कुठं? डेअरी नदीपलीकडं. रस्ता पलीकडं, एसटी पलीकडं, गिरण पलीकडं. अलीकडं आम्ही, आमच्या म्हशी आणि पाठीमागं सरळसोट डोंगर. वर धरणाच्या भिंतीवरून एक वाट आहे, पण ती जंगलातून वळसे घेत जाते. सकाळी निघालेलं दूध दुपार कलल्यावर डेअरीत पोचायचं आणि फाटायचं. तसंही नेऊन पाहिलं. डेअरीचे सेक्रेटरी गणपतराव किटलीत नाक घालून म्हणाले, "ह्याचं पनीर करा आन् पंजाबला धाडा. माझ्याकडं आणू नका."

सगळ्यात वाईट दशा बाळासोच्या घराची झाली. बाळासोची बायको तानाबाई हिच्या दोन म्हशी, चंद्री आणि मैना. वाडीतलं निम्मं दूध त्या दोघींचं. भाताची खाचरं होती, पण घर चालायचं ते म्हशींवर. एकुलती मुलगी वर्षाराणी कोल्हापूरला इंजिनियरिंगला होती, तीही या दुधावरच शिकत होती. तानाबाईनं आधी दही लावलं, मग लोणी काढलं, तूप कढवलं, घरातली भांडी संपली. ताक वाडीभर वाटलं. शेवटी शेवटी ती ताकाचं भांडं घेऊन येताना दिसली की लोक दार लोटून घ्यायला लागले. कुत्री तर दूध बघून तोंड फिरवायची. त्यात पेंड यायची डेअरीतूनच, तीही थांबली. नुसत्या गवतावर चंद्री आटत चालली. धार काढताना तानाबाईच्या बोटांना ते रोज कळत होतं आणि त्याबद्दल ती कुणाशी चकार शब्द काढत नव्हती.

दोर तेवढा नदीवरून लागला असता तर सगळं सुटलं असतं. विहिरीच्या क्रेनचा तारेचा दोर पलीकडं गणपतरावांच्या गोठ्यात पडून होता. तो दोन्ही काठांना ताणायचा, त्यावर कप्पी सोडायची आणि किटल्या इकडून तिकडं ओढायच्या. ही अक्कल सगळ्यांनाच सुचली होती. पण दोराचं पहिलं टोक पाण्यावरून न्यायचं कसं? धरणाच्या वाटेनं ओढत आणावा तर मधल्या झाडाझुडपांत तो जन्माचा अडकणार. पोहावं तर पाणी खडकांवर आपटत होतं. एका गड्यानं ते धाडस केलं आणि पाय मोडून घेतला.

मग बाळासोनं गोफण काढली. तरणेपणी त्याच्या गोफणीचा धोंडा पलीकडच्या आंब्याला लागायचा. त्यानं धोंड्याला तंगूस बांधली, ती मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी, आणि भिरकावला. तंगूस मागं खेचायची आणि धोंडा मधेच पाण्यात. तो फेकत राहिला. आम्ही "आता बास कर" म्हणत राहिलो. शेवटी त्याचा खांदा निखळला तेव्हा तो थांबला.

हात गळ्यात बांधून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "बिद्रीकडच्या हेड्याला सांगावा धाडलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतोय त्यो. धरणाच्या वाटंनं चालवत न्हेईल."

हेडी म्हणजे म्हशींचा दलाल. तो न्यायला येतो, आणायला नाही.

तानाबाई भाकरी थापत होती. "दोन्ही?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

तिनं थापलेली भाकरी मोडून पुन्हा तिचा गोळा केला आणि नव्यानं थापायला घेतली.

वर्षाराणी नवरात्रात सुट्टीला आली ती धरणाच्या वाटेनंच, गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटून. डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं. आईला वाटलं, पोरीनं शहरातून काही खायचं आणलं. खोक्यातून निघाल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवलेल्या, आणि त्यांच्या चार टोकांना लिंबाएवढ्या चार मोटरी. मोटरींवर पंखे. आता लग्नातसुद्धा असली यंत्रं डोक्यावर घोंगावतात आणि शेंबडं पोरही त्यांना ड्रोन म्हणतं. तेव्हा दोन हजार नऊ साल होतं आणि आमच्या वाडीत ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. तिनं आणि तिच्या वर्गातल्या पोरांनी बाहेरदेशातून सुटे भाग मागवून छंद म्हणून ते जुळवलेलं. सुट्टीपुरतं सांभाळायला तिच्याकडं आलेलं.

तिनं ते अंगणात उडवून दाखवलं. कोंबड्या पळाल्या, आणि सयाजी तोंडातली तंबाखू थुंकायची विसरला. सयाजी हा आमच्या वाडीचा मेकॅनिक. नदीवरच्या पंपाच्या मोटरी उघडणं, जळाल्या की त्यात नवी तार भरणं, हा त्याचा धंदा, आणि त्याचा आवाज त्याच्या पंपापेक्षा मोठा.

"आबा," वर्षाराणी म्हणाली, "हे तंगूस घिऊन जाईल पलीकडं."

"एवढंसं?"

"एवढंसंच पुरं की. तंगूस गेली की गणपतकाका तिला सुतळी बांधतील, सुतळीला दोर, दोराला तारंचा दोर. आपण हिकडनं वढत बसायचं."

बाळासोनं गळ्यातला हात सावरला. गोफण फेकून जो दमलाय, त्याला खेळण्यावर भरवसा ठेवणं जड जातं. तानाबाई मात्र चुलीपुढून उठून बाहेर आली. "कधी न्हेतीस?"

"उद्या सकाळी नेतो."

"उद्या खंडेनवमी. हत्यारं पुजायची असत्यात. उद्या हत्याराला कामाला लावायचं न्हाय."

"आई, हे हत्यार न्हाय गं."

"माझ्या म्हशी वाचवणार हाय न्हवं? मग हत्यारच."

एवढं बोलून ती आत गेली. त्यावर अपील नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं लोखंडाचा मान. बाळासोनं सकाळी ओसरीवर घोंगडं अंथरलं आणि एका हातानं कानस चालवायला बसला. विळा, कोयता, कुऱ्हाड, एकेक पातं पायांच्या अंगठ्यांत धरायचं आणि चालत्या हातानं घासायचं. खांद्यातून कळ आली की थांबायचा, नदीकडं बघायचा, पुन्हा सुरू. बोथट हत्यार पूजेला ठेवणं म्हणजे देवाला शिळं वाढणं, असं त्याचं मत. सगळी पाती चकाकायला लागली तेव्हा तानाबाईनं ती धुऊन पुसून त्याच घोंगड्यावर मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू वाहिलं. मग खोक्यातून लेकीचं विमान काढून कोयत्यांच्या शेजारी अगदी लगटून ठेवलं.

"आई, कुंकू नको हां त्याला!" वर्षाराणी न्हाणीतून ओरडली.

"चिमूटभर वाहतोय की," असं म्हणून तानाबाईनं चांगलं पाच बोटांनी वाहिलं. उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. चंद्रीबद्दल इतके दिवस गप्प असलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "बाई, माझ्या चंद्रीला राख." विमानाला ती बाई म्हणाली. आम्हाला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सगळी वाडी काठावर. पलीकडं गणपतराव आणि त्यांचं अर्धं गाव. ऊन छान पडलेलं. वर्षाराणीनं विमानावरचं कुंकू फडक्यानं पुसलं, पोटाला तंगूस बांधली आणि ते बांधावर ठेवलं. लाईटीच्या तारा नदीवरून जातात, त्यांच्यापासून लांब खालच्या अंगाची जागा तिनं निवडली होती. तिनं हातातल्या रिमोटच्या डब्यावरची काडी सरकवली. तीन पंखे गरगर फिरले. चौथा नुसता थरथरला, मग कसाबसा फिरला. विमान कमरेएवढं वर गेलं, एका कोपऱ्यात कललं आणि उलटं होऊन भाताच्या खाचरात पडलं.

मग पलीकडून गणपतरावांनी तोंडापुढं हात धरून हाळी दिली, "पोरी, सीमोल्लंघन बांधापतूरच का गं?"

दोन्ही काठ हसले. पाण्यावरून आलेलं हसू जरा जास्तच मोठं ऐकू येतं. वर्षाराणीचे कान लाल झाले. ती खाचरात उतरायच्या आत तानाबाई साडी खोचून उतरली, चिखलातलं विमान उचललं, पदरात गुंडाळलं आणि कुणाकडं न बघता घराकडं चालू लागली. तिच्या पाठीकडं बघवत नव्हतं.

आम्ही काहीजण मागोमाग त्यांच्या ओसरीवर गेलो. सणाचा दिवस, पण आपट्याची पानं कनवटीलाच राहिली. वर्षाराणीनं विमान पुसलं, उन्हात वाळवलं, मग आधी चारी पंखे काढून ठेवले. पंखा लागला तर बोट जातं, म्हणाली. आणि नुसत्या मोटरी चालवून बघितल्या. तीन सरळ फिरल्या. चौथी, कोपऱ्यातली, जागच्या जागी थरथरत हुंबू लागली, नुसतं हूं हूं करत. तिनं हात लावला तर गरम.

"मोटर हुंबती आन् फिरत न्हाय," सयाजीनं मांडीवर थाप मारली. "एक फेज गेलाय. ह्यात शाळा कसली आलीया?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं लाईट दोन फेजवर असते तेव्हा नदीवरचा पंप असाच हुंबतो. हे निदान वाडीतलं कुणीही झोपेत करेल. आणि या चिमुकल्या मोटरीलाही तीनच वायरी होत्या, पंपासारख्याच. मग आणखी काय पाहिजे?

"मलाबी तसंच वाटालंय काका," वर्षाराणी म्हणाली. तिनं मीटर काढलं. एक वायर धरून दुसरीला टोक लावलं, मीटर वाजलं. दुसरी आणि तिसरी, वाजलं. तिसरी आणि पहिली, वाजलं. "तिन्ही धड हायत. तुटलं न्हाय कुठं."

"तुझं मीटर खोटं असंल."

तिनं वाद घातला नाही. प्रत्येक मोटरीला आपापला कंट्रोलर होता. बॅटरीतली वीज घेऊन तो मोटरीला तीन फेज करून द्यायचा. तिनं आजारी मोटर शेजारणीच्या कंट्रोलरला जोडली आणि शेजारीण आजारी मोटरीच्या कंट्रोलरला. शेजारीण फिरली. आजारी मोटर तिथंही थरथरत बसली.

"कंट्रोलर चांगला हाय," ती म्हणाली. "खोट मोटरीतच हाय."

"म्हंजे आतनं फेज गेलाय! वायंडिंग जळालं. आण हिकडं, नवी तार भरतो," सयाजी म्हणाला. पण मोटर हातात घेतल्यावर त्यानं ती नुसतीच उलटीसुलटी केली. त्यातली तार केसाएवढी होती आणि सयाजीची बोटं मुळ्याएवढी.

दुसरी मोटर वाडीत नव्हती, कोल्हापुरातही नव्हती. मागवायची म्हणजे महिना. हेडी उद्या येणार होता. गोठ्यातून चंद्रीनं हंबरून घेतलं, पेंडीची वेळ तिला अजून विसरता आलेली नव्हती. बाळासो उठला. "ऱ्हाऊ दे पोरी," तो मऊ आवाजात म्हणाला. "केलंस तेवढं लई झालं. नशिबात नसलं तर काय करायचं?"

त्या मऊ बोलण्यानंच वर्षाराणीला रडू आलं. पण ती रडली नाही, चिडली. बापाचं बोलणं तिनं मधेच तोडलं. "नशीब कशाला मधी आणताय आबा? जळाली असती तर वास आला असता की!" तिनं मोटर नाकाला लावली. मग आमच्याकडं चमत्कारिक नजरेनं बघितलं. "उदबत्तीचा वास येतोय."

ती मांडी घालून बसली आणि एकेक मोटर नुसत्या बोटानं फिरवू लागली. चांगल्या तिघींना आतल्या लोहचुंबकाचे टप्पे लागत. टक, टक, टक, सगळे सारखे. चौथी फिरवली तर टप्पे नीट लागेनात. खर्र करून अडायची, मग सुटायची. तिनं पुन्हा फिरवली.

तानाबाई उंबऱ्याच्या आत पुरणपोळीची कणीक तिंबत होती. रडत होती की काय कोण जाणे, मान खाली होती. ती तिथूनच म्हणाली, "जात्यात खडा आल्यागत वाजालंय ते."

"बेरिंग गेलं," सयाजीनं लगेच दुसरा रोग काढला आणि ग्रीसच्या डबीत अंगठा बुडवला.

वर्षाराणीनं त्याचं मनगटच धरलं. "काका, एक थेंब जरी आत गेला तरी मी नदीत उडी मारतो."

मोटरीच्या दांड्याला बुडाशी एक इवलीशी कडी होती. तिनं सुईनं ती उचकटली, उडून जाऊ नये म्हणून वर फडकं धरलं. मग मोटरीची वरची वाटी ओढली. लोहचुंबक ती सोडेना. जोर लावल्यावर वाटी पटकन हातात आली. तिनं ती उजेडात धरली आणि आम्ही सगळे वाकलो.

वाटीच्या आतल्या चुंबकांवर काळी लव उभी होती. दाट, ताठ. आणि त्या काळ्यात मधेमधे लाल.

वर्षाराणीनं बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. "लोखंडाचा कीस," ती हळूच म्हणाली. "कुठनं आला?" मग तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. तिथं ते घोंगडं दांडीवर टाकलेलं होतं. ती उठली, दुसरी चांगली मोटर घोंगड्याच्या लोकरीजवळ नेली, आणि लोकरीतून काळे कण उडी मारून मोटरीला चिकटले.

आता सांगायची गरज नव्हती. कानशीचा कीस घोंगड्यात पडला होता, धुतलेल्या कोयत्यांशी लगटून विमान त्यावर ठेवलं होतं. कोयत्यांच्या बाजूची मोटर जास्त कीस प्यायली, बाकीच्या कमी. फेज गेलाच नव्हता. आम्ही आणि सयाजी, सगळे तोंडावर पडलो होतो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण तानाबाई दारात येऊन उभी होती. हात कणकेनं भरलेले.

"म्हंजे म्याच घातलं व्हय ते आत," ती म्हणाली. "पूजा करून म्याच मारलं त्याला."

बाळासो बोलला. "कानस माझी हुती. घोंगडं म्या टाकलं. तू एकलीच कशाला सगळं अंगावर घ्याल्यास?" लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यानं बायकोची बाजू घेतलेली आम्ही पहिल्यांदा ऐकली.

कीस निघता निघेना. फुंकलं तर हलेना, फडक्यानं पुसलं तर इकडचा तिकडं सरके. चुंबकच तो, धरलेलं सोडतोय कशाला? चिकटपट्टी तंगूस बांधण्यात संपली होती. तानाबाई बघत होती. एकाएकी तिनं हातातल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडला, कोरडं पीठ लावून घट्ट मळला आणि लेकीपुढं धरला. "बरणी फुटल्यावर बारीक काचा कशानं उचलतो आपण? ह्यानं टीप."

वर्षाराणीनं गोळा चुंबकावर दाबला आणि उचलला. गोळ्यावर काळी नक्षी उमटली आणि चुंबकाचा एक पट्टा चकचकीत झाला. "आई!" ती एवढ्यानं ओरडली, की सयाजी दचकला.

मग मायलेकी ओसरीवर समोरासमोर बसल्या. एक गोळे करून देई, दुसरी टिपी. पुरणपोळ्यांची सगळी कणीक त्यात गेली आणि त्या दसऱ्याला त्या घरात नुसतं पुरण चाटून सण झाला. तारेच्या गुंडाळीवरही कीस होता, तो जुन्या दात घासायच्या ब्रशानं झाडला. एके ठिकाणी किसानं तारेवरचा लाखेसारखा थर खरवडला होता, तांबं दिसत होतं. तिथं काहीतरी लावायला हवं होतं. सयाजीची बायको शालूबाई न बोलता घरी गेली आणि पदराआडून नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

"हे कुठलं?" सयाजीनं डोळे वटारले.

"माझं हाय. तुमी कधी बघितलंयसा माझ्या पायाकडं?"

नेलपॉलिशचा एक लाल ठिपका तारेवर बसला. वाटी, तार, सगळं उन्हात वाळलं. उरलेल्या तीन मोटरीही तिनं उघडून टिपल्या. दिवस कलला तेव्हा कड्या बसवून झाल्या. वर्षाराणीनं बॅटरी जोडली. काडी सरकली, आणि चारी मोटरी एका सुरात भणाणल्या. तिनं चौथीला हात लावला. गार.

"म्या म्हटलंच हुतं, आत कायतरी हाय," सयाजी म्हणाला. त्याला कुणी अडवलं नाही. एवढ्या आनंदात त्याचाही वाटा असू दे म्हटलं.

सकाळी हेडी आला. उंच, पांढरी टोपी, हातात काठी, बरोबर दोन गडी. आल्या आल्या त्यानं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली, सड दाबून बघितले आणि आपलं नवं दावं तिच्या गळ्यात टाकलं. तानाबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"जरा दम धरा पावणं. माझी पोर नदीवर गेलीया."

"बाई, पोरीचं आन् म्हशीचं काय?"

"यून बगा की," ती म्हणाली. आणि हेडी, म्हशीचं दावं गड्याच्या हातात देऊन, खरंच काठावर बघायला आला.

पलीकडं गणपतराव छत्री घेऊन उभे. आज कुणी थट्टा करत नव्हतं. बाळासो पाण्याच्या कडेला एका दगडावर उभा राहिला, गळ्यातला हात तसाच, दुसऱ्या हातात तंगुशीचं रीळ. वर्षाराणीनं काडी सरकवली. विमान बांधावरून उठलं, डोक्यावर गेलं, आणि एकदाही न डगमगता नदीच्या दिशेनं निघालं.

मधोमध वारं होतं. तिथं ते कललं. तंगुशीला झोळ पडला, झोळ पाण्याला टेकला, आणि प्रवाहानं तंगूस धरून ओढली. विमान खाली येऊ लागलं. "आबा, झोळ!" वर्षाराणी किंचाळली. बाळासो मागचा पुढचा विचार न करता मांडीएवढ्या पाण्यात उतरला, रीळ दातांत धरलं आणि गळ्यातला फडका ओढून टाकून दोन्ही हात डोक्यावर उचलून तंगूस वर धरली. निखळलेला खांदा वर करताना त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. झोळ सुटला. विमान मोकळं झालं, वर उसळलं आणि पलीकडच्या काठावर गेलं. गणपतरावांनी छत्रीची आकडी वर करून तंगूस अडकवली, आणि विमान सरळ त्यांच्या शेणाच्या ढिगात जाऊन बसलं.

"घावली!" पलीकडून हाळी आली. "घावली रं, घावली!"

काय ओरडलो आम्ही! म्हातारे ओरडले, बाया ओरडल्या, शालूबाईनं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बाळासो पाण्यातून बाहेर यायचं विसरला. वर्षाराणी मटकन खाली बसली आणि काल दाबून ठेवलेलं रडू तिनं तिथं मनसोक्त रडून घेतलं.

मग ओढणं सुरू झालं. तंगुशीमागून सुतळी आली, सुतळीमागून पिवळा दोर, आणि दोरामागून तो जड, गंजका तारेचा दोर. तो पाण्यातून वर येईना. सगळी वाडी दोराला लागली. "घ्या रं, जोर लावा!" माझ्या पुढं कोण ओढतंय म्हणून बघितलं तर पांढरी टोपी. हेड्यानं काठी टाकून दोर धरला होता आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं आरोळ्या देत होता. आपलाच सौदा आपल्या हातानं मोडतोय हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी त्याला पर्वा नव्हती. असं काही चालू असताना माणसाला हात आखडता घेता येत नाही.

दुपारी तारेचा दोर दोन्ही काठांच्या झाडांना आवळला गेला. सयाजीनं कप्पी बसवली आणि ती बसवताना मात्र एकही चूक केली नाही. पहिली किटली कुणाची, हे कुणी विचारलं नाही. तानाबाई सकाळची धार ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीला ठेवूनच आली होती. तिनं आकडीला किटली अडकवली आणि हात सोडला. किटली हेलकावे खात पाण्यावर गेली. मधे थांबली. पलीकडच्यांनी ओढली तशी पुन्हा चालू लागली, लहान लहान होत गेली, आणि गणपतरावांच्या हातात पडली. त्यांनी झाकण काढलं, नाक घातलं आणि दूध घेऊन फॅट मोजायच्या यंत्राकडं पळाले. डेअरी काठालाच होती. आम्ही सगळे उभे.

गणपतराव बाहेर आले. "तानाबाईऽऽ! फॅट आठ!"

तानाबाईनं दोन्ही हात तोंडापुढं धरले. इतके आठवडे दाबून ठेवलेला सगळा आवाज तिनं त्या हाळीत घातला. "चंद्रीचं हाय त्ये! आता पेंड धाडा की! काय नुसतं फॅट सांगत बसलाय!"

पलीकडं हशा पिकला. थोड्याच वेळात कप्पीवरून पेंडीचं पोतं डुलत डुलत अलीकडं आलं. तानाबाईनं ते उतरवलं, पाठीवर घेतलं आणि कुणाला हात लावू न देता गोठ्यात गेली. पोतं फोडून दोन्ही म्हशींपुढं पेंड ओतली. मग चंद्रीच्या गळ्यातलं नवं दावं सोडलं, नीट गुंडाळलं आणि बाहेर येऊन हेड्याच्या हातात दिलं.

"जेवून जावा पावणं," ती म्हणाली. "पुरण हाय."